घरातल्याच माणसापासून मूल जपायचं कसं: ओळख, खबरदारी आणि कळल्यानंतरचे पहिले तीन दिवस

नाशिकच्या सिडकोतल्या एका आईने मला तिच्या आठ वर्षांच्या मुलीचा पायजमा दाखवला होता. नाडीला एकावर एक तीन निरगाठी. "ताई, रोज कात्रीने कापावी लागते. शंभरदा सांगितलं सुरगाठ मार म्हणून. मुद्दाम करते बघा ही."

मुद्दामच करत होती. मे महिन्याची सुट्टी होती. गावाहून काम शोधायला आलेला एक जवळचा नातेवाईक त्यांच्याकडे मुक्कामाला होता. आईवडील दोघंही अंबडच्या कंपनीत, त्यामुळे दुपारी घरात तो आणि ती मुलगी, दोघंच. जे तिला शब्दांत सांगता येत नव्हतं, ते ती रोज गाठ मारून सांगत होती. ओळख पटू नये म्हणून मी इथे बरेच तपशील बदलले आहेत. गाठी तेवढ्या तशाच ठेवल्या आहेत.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत लहान मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याची घटना उघड झाली, तेव्हा नाशिकच्या शाळांतही पालकांनी कॅमेरे, शिपाई, व्हॅनवाले काका यांच्याबद्दल प्रश्न विचारले. ते विचारायलाच हवेत. पण पालकांच्या बैठकीत "घरी कोण कोण येतं, मूल कुणापाशी झोपतं?" असं मी विचारलं की सगळे एकदम गप्प होतात. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ५३ टक्क्यांहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक छळ झाल्याचं सांगितलं. त्यांत मुलगे मुलींइतकेच होते, किंबहुना थोडे जास्तच. छळ करणाऱ्यांपैकी निम्मे मुलाच्या ओळखीचे किंवा विश्वासातले होते. आणि बहुतेक मुलांनी तोवर कुणापाशी तोंड उघडलेलं नव्हतं.

कुंपणच शेत खात असेल, तर राखण कशी करायची? माझं उत्तर इतक्या वर्षांत पक्कं झालंय. माणूस पाहून विश्वास टाकण्यापेक्षा घराला नियम लावावेत, आणि ते सख्ख्या काकालाही लागू असावेत. नियम सगळ्यांना सारखा असला की कुणावर संशय घ्यावा लागत नाही आणि कुणाचा अपमानही होत नाही.

आधी शब्द द्या

तीन वर्षांच्या मुलाला नाक, कान, डोळे शिकवतो, आणि कमरेपाशी आलो की आपण गप्प होतो. तिथलं काहीच बोलायचं नसतं, हा पहिला धडा मूल तिथेच शिकतं. छाती, ढुंगण, लिंग, योनी हे शब्द आंघोळ घालताना सहज वापरा. घरात 'शूची जागा' म्हणत असाल तर तेही चालेल, पण तो शब्द बाहेरच्याला कळेल असा असावा. एका घरात त्याला लाडाने 'चिमणी' म्हणायचे. मुलगी बाईंना सांगत होती, "दादा माझ्या चिमणीला हात लावतो," आणि बाईंना वाटलं खेळण्याबद्दल बोलतेय.

मग नियम सांगा. ही जागा झाकलेली असते. इथे कुणी बघायचं नाही, हात लावायचा नाही, फोटो काढायचा नाही, आणि कुणी स्वतःची तशी जागा तुला दाखवायची नाही किंवा हात लावायला सांगायची नाही. आंघोळ घालणारी आई किंवा आजी आणि तपासणारे डॉक्टर हा अपवाद, पण डॉक्टरांकडेही आई-बाबा सोबत असतात. 'गुड टच, बॅड टच' हे शब्द शाळेत शिकवतात, ठीक आहे. माझी त्यात एक अडचण आहे. छळ करणारा घरचा असला तर सुरुवातीचा स्पर्श मुलाला वाईट वाटेलच असं नाही, कधी गुदगुल्यांसारखा, कधी लाडासारखा वाटतो. मग मूल म्हणतं, मला तर आवडलं होतं, म्हणजे चूक माझीच. म्हणून स्पर्श कसा वाटला यापेक्षा जागेचा नियम शिकवा. नियम मोडला, तर मोडणाराच चुकला, मग तुला काहीही वाटलेलं असो.

यात मुलग्यांना वगळू नका. "मुलगाच आहे, त्याला काय होतंय" या एका वाक्याने कितीतरी मुलगे आयुष्यभर गप्प राहिलेत.

'नाही' म्हणायची सवय पाहुण्यांसमोरच लागते

"मामाला पापी दे ना! अशी काय करतेस, मामा रागावेल हं." हे वाक्य मी प्रत्येक लग्नात ऐकते. ते मायेनेच म्हटलेलं असतं. पण मुलीला त्यातून काय कळतं? मोठ्यांच्या खुशीसाठी आपलं अंग द्यायचं असतं, आणि आई त्यांच्याच बाजूने असते.

मुलाला पर्याय द्या. नमस्कार कर, टाळी दे, नाहीतर लांबूनच टाटा कर. आजोबांना वाईट वाटलं तर आपण सांगावं, "आप्पा, तिला आत्ता नको वाटतंय, येईल नंतर स्वतःहून." हे मुलासमोर बोला. आपल्या 'नाही'ची घरात किंमत आहे, हे त्याला तिथे दिसतं. रंगपंचमीला आपल्याकडे रहाडींवर, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या जुन्या हौदांवर, गर्दी उसळते, गल्लीत जो तो रंग घेऊन धावत असतो. त्या दिवसापुरता नियम साधा ठेवा: गालाला आणि हाताला रंग, कपड्यांच्या आत कुणाचाही हात नाही, आणि मूल 'बस' म्हणालं की बस. अंगचटीला येणारा माणूस अशाच दिवसांची वाट बघत असतो.

घराचे नियम

एक, झोपणं. पाहुणे आले की मुलांना बाहेरच्या खोलीत ओळीने टाकायची आपली पद्धत आहे. मोठी चुलत-मावस भावंडं, अविवाहित काका, सगळे एकाच सतरंजीवर. हे थांबवा. "आमच्याकडे मुलं आमच्याजवळच झोपतात," हे एक वाक्य सगळ्यांना, दरवर्षी, हसतमुखाने सांगा. मामाच्या गावाला पाठवतानाही मूल कुणाजवळ झोपणार हे आधी बोलून ठेवा.

दुसरा नियम बंद दाराचा. मोठं माणूस आणि मूल एका खोलीत असतील तर दार लोटलेलं चालेल, कडी नको. शिकवणी असो, मोबाइलवरचा गेम असो किंवा आजोबांचे पाय चेपणं असो.

गुपित हा शब्द घरातून काढूनच टाका. 'सरप्राइज' चालेल, कारण ते वाढदिवसाला सगळ्यांना कळतं. "आईला सांगू नको हं" असं कुणीही म्हटलं, अगदी आजीने आइस्क्रीमवरून म्हटलं तरी, मुलाने ते येऊन सांगायचं, आणि सांगितल्यावर आपण ओरडायचं नाही. आइस्क्रीमचं गुपित सांगून ओरडा मिळाला, तर मोठं गुपित ते कधीच सांगणार नाही.

आणि सर्वांत अवघड प्रश्न, दुपारचा. सातपूर-अंबडला पाळ्यांमध्ये काम करणारी जोडपी, जानेवारी ते एप्रिल द्राक्षाच्या हंगामात पहाटेच बागेवर जाणारे निफाड-दिंडोरीचे मजूर, पेठ-सुरगाण्याहून येऊन बागेच्या कडेला खोप टाकून राहणारी कुटुंबं. यांना 'मूल एकटं सोडू नका' सांगणं म्हणजे पोट बांधून बसा सांगणं आहे. तसं मी सांगत नाही. मी एवढंच सांगते, मूल एकाच माणसाच्या हवाली सोडू नका. दोन-तीन घरची मुलं एकत्र ठेवा, दार उघडं, सांभाळणारी बाई ठरलेली. कधीतरी न सांगता लवकर घरी या. मुलाला आईचा किंवा बाबांचा मोबाइल नंबर तोंडपाठ हवा, पाढ्यांसारखा.

सलगीची चाल ओळखा

घरातला छळ एका दिवसात सुरू होत नाही. तो माणूस आधी मोठ्यांचा विश्वास कमावतो. "मी सोडतो की शाळेत, मी घेतो अभ्यास, तुम्ही निवांत जा." मग एकाच मुलावर माया, त्यालाच खाऊ, त्यालाच मोबाइल. मग एकांत. मग चेष्टेतला स्पर्श, चुकून झाल्यासारखा, कधी आपल्यासमोरच, कुणी काही बोलतंय का हे चाचपायला. त्यानंतर गुपित, आणि शेवटी धमकी. "तुझ्या आईला कळलं तर ती मरून जाईल." "तुलाच बोर्डिंगला टाकतील." मूल याच्यावर विश्वास ठेवतं, कारण घरात सगळे त्या माणसाला मान देताना ते बघत असतं.

यातली एखादी गोष्ट दिसली म्हणजे माणूस गुन्हेगार ठरत नाही. लाड करणारे काका असतातच, देवाच्या दयेने पुष्कळ असतात. फरक पाहायचा तो आपण नियम सांगितल्यावर. भला माणूस म्हणतो, "बरं झालं सांगितलंस." ज्याच्या मनात काळंबेरं आहे तो नियमाला वाटा शोधतो, चेष्टा करतो, किंवा "माझ्यावर विश्वास नाही का?" म्हणून रुसतो. रुसू द्या.

मुलात काय दिसतं

अंगावरच्या खुणा फार कमी वेळा दिसतात. लघवीला जळजळ, बसताना दुखणं, चड्डीला रक्त किंवा डाग, वारंवार होणारा संसर्ग असं काही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. बाकी बहुतेक सगळं वागण्यात दिसतं. सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होतं. मूल झोपेत दचकतं. एका ठरावीक माणसाचं नाव निघालं की पोटात दुखतं. उन्हाळ्यातही दोन-दोन चड्ड्या घालतं, आंघोळीला कपडे काढू देत नाही किंवा सारखं अंग धूत राहतं. वयाला न शोभणारे शब्द किंवा बाहुल्यांशी तसे खेळ येतात. कुठून आले न कळणारे पैसे, रिचार्ज, नवा मोबाइल दिसतो. मोठ्या मुलांत चिडचिड, मारामारी, हातावर ब्लेडचे ओरखडे, घरातून पळून जाणं. मुलग्यांचं दुःख बऱ्याचदा राग होऊन बाहेर येतं आणि आपण त्याला वांड म्हणून मोकळे होतो.

यातली एक खूण म्हणजे पुरावा नव्हे, शाळा बदलली तरी मूल अंथरूण ओलं करतं. म्हणून मी आईवडिलांना भिंतीवरच्या कॅलेंडरवर टिंब मारायला सांगते. कुठल्या दिवशी त्रास झाला, त्या दिवशी घरात कोण होतं. तीन आठवड्यांत चित्र बऱ्याचदा आपोआप दिसू लागतं. पण मूल स्वतः काही बोललं किंवा अंगावर खूण दिसली, तर कॅलेंडर बाजूला ठेवा आणि लगेच हला.

मूल सांगतं त्या क्षणी

ते नीट समोर बसून सांगत नाही. आई पोळ्या लाटत असताना पाठीमागून म्हणतं, "दादा घाणेरडे खेळ खेळतो." आणि आपली प्रतिक्रिया बघतं. इथे तुम्ही किंचाळलात, "काय बोलतेस? पुन्हा असं बोललीस तर!" की दार बंद झालं. पुन्हा उघडायला कदाचित वीस वर्षं लागतील.

गॅस बंद करा. खाली बसा, त्याच्या उंचीला. आवाज नेहमीचा ठेवा, आत काहीही होत असलं तरी. आणि एवढंच म्हणा:

"बरं झालं मला सांगितलंस. माझा तुझ्यावर विश्वास आहे. यात तुझी काही चूक नाही. आता बघायचं काम माझं."

मग मोघम विचारा, "अजून काय झालं?" आणि थांबा. "काकाने इथे हात लावला का?" असे शब्द तोंडात घालू नका, पुढे कोर्टात तेच अडचणीचं होतं. "आधी का नाही सांगितलंस?" हा प्रश्न कधीच नको. "कुणाला सांगणार नाही" अशी शपथही घेऊ नका, कारण सांगावं लागणार आहे. सगळ्या नातेवाइकांसमोर मुलाला पुन्हा पुन्हा बोलायला लावू नका. त्या माणसाला समोर बोलावून 'समोरासमोर' तर अजिबात करू नका. मुलाने जे शब्द वापरले ते जसेच्या तसे, तारीख-वेळ घालून कागदावर उतरवा.

पहिले तीन दिवस

आधी तो माणूस आणि मूल एका छताखाली नकोत. शक्यतो घराबाहेर त्याने जायचं. मुलालाच आजोळी पाठवलं, तर शिक्षा आपल्यालाच झाली असं त्याला वाटतं. तो माणूस वडील, सावत्र वडील किंवा सासरचा असेल आणि घर सोडत नसेल, तर कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, २००५ खाली संरक्षण अधिकाऱ्यामार्फत आई मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करू शकते. त्याला घरापासून दूर ठेवण्याचा आदेश मिळू शकतो.

घटना ताजी असेल तर तपासणीआधी मुलाला आंघोळ घालू नका. कपडे धुऊ नका, कागदी पिशवीत किंवा वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवा, प्लास्टिकमध्ये नको. त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलला, किंवा जवळच्या कुठल्याही दवाखान्यात जा. सरकारी असो की खासगी, पहिले उपचार मोफत द्यावे लागतात आणि "आधी एफआयआर आणा" असं म्हणता येत नाही. एचआयव्ही आणि गर्भधारणा टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकी चांगली. घाईचं खरं कारण हे आहे. पण म्हणून तीन दिवस उलटले असतील, महिने उलटले असतील, तरी 'आता काय उपयोग' म्हणून बसू नका. तपासणी आणि तक्रार तेव्हाही होते. मुलीची तपासणी महिला डॉक्टरच करतात आणि आई किंवा मुलीच्या विश्वासाचं माणूस जवळ असतं.

फोन करायचे तर चाइल्ड हेल्पलाइन १०९८, चोवीस तास, मोफत. मूल स्वतःही करू शकतं. तातडीची मदत ११२. आईवरही हिंसा होत असेल तर १८१.

पोलिसांची भीती मला कळते. म्हणून कायदा नेमका काय सांगतो ते वाचून जा. पॉक्सो, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचं संरक्षण कायदा, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. अठरा वर्षांखालचं प्रत्येक मूल त्यात येतं, मुलगा असो वा मुलगी. मुलाचा जबाब घरी किंवा मुलाला हव्या त्या ठिकाणी घ्यायचा, शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, आणि गणवेशात नाही. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. घटना पंचवटीत घडली आणि तुम्ही नाशिकरोडला राहता, तरी जवळच्या ठाण्यात तक्रार घ्यावीच लागते. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. पोलिसांनी २४ तासांत बालकल्याण समितीला कळवायचं असतं. समिती मुलासाठी एक 'सपोर्ट पर्सन' देऊ शकते, तो खटला संपेपर्यंत सोबत राहतो. हे तुम्ही स्वतः मागा. सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. मोफत वकील आणि अत्याचारग्रस्तांसाठीच्या राज्य सरकारच्या मनोधैर्य योजनेची आर्थिक मदत त्यांच्याकडून मिळते. कोर्टात मुलाची साक्ष बंद खोलीत होते, आरोपी त्याच्या नजरेसमोर येणार नाही अशी व्यवस्था करावी लागते. मुलाचं नाव, फोटो, शाळा कुणालाही छापता येत नाही.

"घरातलं घरात मिटवू"

हे वाक्य येणारच. थोरले दीर येतील, सासूबाई पदर डोळ्याला लावतील, कुणीतरी म्हणेल, "पोरीच्या लग्नाचं काय? झाकली मूठ सव्वा लाखाची." त्यांना शांतपणे तीन गोष्टी सांगा.

कळूनही न कळवणं हाच पॉक्सोखाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. डॉक्टर, शिक्षक यांच्यावरही तेच बंधन आहे, त्यामुळे तुम्ही लपवलं तरी ते कळवतील. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही. नात्यातल्या किंवा एकाच घरातल्या माणसाने केलेला गुन्हा कायदा जास्त गंभीर मानतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बलात्काराच्या स्वरूपाच्या अशा गुन्ह्याला किमान २० वर्षं शिक्षा आहे. आणि तिसरं, ज्या मुठीबद्दल ते बोलतायत तिच्या आत एक मूल आहे, आणि त्याच घरात पुढच्या पिढीतली आणखी मुलं वाढतायत.

छळ करणाराच अल्पवयीन असेल, चौदा-पंधरा वर्षांचा चुलत भाऊ वगैरे, तर आईवडिलांचा पाय जास्तच अडखळतो. त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं, तिथे त्याला समुपदेशन मिळतं. लपवल्याने त्याचंही भलं होत नाही.

घरात कमावणारा तोच असेल तर आईची कोंडी किती भयंकर असते हे मी पाहिलंय. तिला "तुला कसं कळलं नाही?" विचारणाऱ्यांनी आधी तिच्या घरात महिन्याचं वाणसामान भरावं. माहेरच्यांनो, शेजारणींनो, अशा वेळी उपदेश नको. सहा महिन्यांचं भाडं, मुलाची फी, कोर्टाच्या तारखेला धाकट्याला सांभाळणं, एवढं वाटून घ्या. तक्रार टिकते ती यावर.

आणि हे वाचताना कुणाला स्वतःचंच लहानपण आठवलं असेल, तर वय अठरा उलटल्यावरही तक्रार करता येते. करायचीच असं नाही. पण एका विश्वासाच्या माणसाशी किंवा समुपदेशकाशी बोला, आणि ज्या घरात तो माणूस आज मुलांच्या जवळपास आहे तिथे सावध करा.

त्यानंतर

मुलाला शाळा, खेळ, जेवणाच्या वेळा जशा होत्या तशा हव्या असतात. सारखी कीव नको. समुपदेशकाकडे काही महिने जावं लागेल, मध्येच सगळं ठीक वाटेल आणि मग एखाद्या वासाने, एखाद्या सणाला पुन्हा बिनसेल. धीर धरा. घरात त्या विषयावर कुजबुज नको. मुलाला बोलायचं असेल तेव्हा उघड बोला, नसेल तेव्हा गप्प राहा.

सणावाराचं आधीच ठरवून टाका. त्या सिडकोतल्या घरी वर्षभराने गावाकडून लग्नपत्रिका आली. केस कोर्टात उभी होती, तरी त्या नातेवाइकाचं नाव पत्रिकेत निमंत्रकांमध्ये छापलेलं. सासूबाईंचा फोन आला, सगळी भावकी जमणार, तुम्ही नाही आलात तर बरं दिसणार नाही. आईने फोन घेऊन आत जायचं टाळलं. ओट्याशीच उभी राहून म्हणाली, "आई, तुम्ही आमच्याकडे कधीही या, महिनाभर राहा. तो जिथे असेल तिथे आम्ही येणार नाही." मुलगी तिथेच जमिनीवर बसून गणितं सोडवत होती. तिने मान वर केली नाही, पण तिची पेन्सिल थांबली होती, असं आईने मला नंतर सांगितलं.